हरकतमावशी

आमच्या घरात एके काळी 'काही हरकत नाही' म्हणायला बंदी होती. एखादी शिवी तोंडातून निसटली तर चालायची, पण हे तीन शब्द निघाले की वत्सलामावशी हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "का नाही? असू द्या की थोडी!"

बंदी सगळ्या घराला होती असं म्हणायचं, पण खरी ती माझ्या एकट्यासाठीच. कारण ते वाक्य म्हणणारा घरात मी एकटाच. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने शिळा ब्रेड दिला, काही हरकत नाही. ट्रेनमध्ये कोणी पायावर पाय दिला, काही हरकत नाही. माझं प्रमोशन माझ्याच हाताखालच्या पोराला मिळालं, काही हरकत नाही. माझ्या आईने लहानपणी मला चांगलं वळण लावलं होतं आणि त्या वळणावरून मी पुढे कधी सरळ रस्त्याला लागलोच नाही. बरं, अमेरिकेत आल्यावर तरी सुधारावं! तर मी काय केलं, त्या वाक्याचं इंग्रजी केलं. ऑफिसात साहेबाच्या हातून माझ्या नव्या बुटांवर कॉफी सांडली. तो बिचारा "सॉरी, सॉरी" म्हणाला. मी हात हलवून मोठ्या दिलदारपणे म्हणालो, "नो ऑब्जेक्शन!" साहेब चमकून बघतच राहिला. बुटांवर कॉफी ओतून घ्यायची आमच्याकडे रीत असावी अशी त्याची समजूत झाली असणार.

ही गोष्ट मी मावशींना मोठ्या कौतुकाने सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जावईबापू, हे एक दिवस तुम्हाला महागात पडणार."

वत्सलामावशी म्हणजे माझी बायको नीला हिच्या आईची धाकटी बहीण. सांगलीकडच्या. मिरजेला नर्सिंग शिकल्या आणि विशी-बाविशीतच विलायतेला गेल्या. तिथे लंडनच्या एका हॉस्पिटलात कितीतरी वर्षं नोकरी केली, आणि मग त्या भागाच्या कौन्सिलर झाल्या. आपल्याकडे नगरसेवक असतो तसंच ते, फक्त आपला नगरसेवक जीपमधून फिरतो आणि मावशी दोन बस बदलून फिरायच्या. पक्ष डावा, आणि त्या पक्षातही मावशी डाव्या कोपऱ्यात. लग्न केलेलं नव्हतं. नीलाने एकदा धीर करून विचारलं, "मावशी, तुला कोणी मागणी नाही का गं घातली?" तर म्हणाल्या, "घातली होती की एकानं. मला हरकत होती."

ऐंशीचं दशक नुकतं कुठे सुरू झालं होतं. आम्ही जर्सी सिटीत एका जुन्या विटांच्या बिल्डिंगमध्ये राहत होतो. नीलाला दिवस गेलेले, तिची आई हयात नाही, माझी आई विमानाला घाबरणारी. म्हणून बाळंतपणाला मावशी आल्या. विमानतळावर दिसल्या त्या अशा: नऊवारी नव्हे पण तितकीच चापूनचोपून नेसलेली सुती साडी, वर पुरुषी ओव्हरकोट आणि पायात जाडजूड बूट. कस्टमवाल्याने म्हणे त्यांच्या बॅगेतली डिंकाची पुडी बाहेर काढली होती. "हे काय?" मावशी म्हणाल्या, "गम." तो म्हणाला, "च्युइंग गम?" मावशी म्हणाल्या, "दात मजबूत असले तर." त्याने मुकाट्याने पुडी परत ठेवली.

गाडीत मी औपचारिकपणे विचारलं, "मावशी, कौन्सिलचं काम सोडून इतके महिने तुम्हाला राहता येईल ना?"

"सोडलंय कुठं? घरी बसवलं मला. म्हाताऱ्या माणसांचं एक घर बंद करायचा ठराव होता, खर्च वाचवायला म्हणून. मी हरकत घेतली. तर आमच्याच पक्षानं पुढच्या खेपेला तिकीट दिलं नाही. म्हटलं, घरीच बसायचं तर भाचीच्या घरी बसते." त्या हसल्या. मग जर्सी सिटी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

कौन्सिलर कशा झाल्या ते त्यांनी डिंकाचे लाडू वळता वळता सांगितलं. त्यांच्या गल्लीतलं गटार तुंबलं होतं. त्या कौन्सिलच्या ऑफिसात गेल्या तर तिथला माणूस म्हणाला, तुमच्या कौन्सिलरला सांगा. कौन्सिलर म्हातारा, त्याला कमी ऐकू यायचं. "मी 'गटार' म्हणतेय आणि तो 'गिटार' ऐकतोय! म्हटलं, ह्याला ओरडून सांगण्यापेक्षा ह्याच्या खुर्चीत बसणं सोपं." पहिल्या निवडणुकीला पडल्या. दुसरीलाही पडल्या. तिसऱ्या वेळी लोक म्हणाले, ही बाई काही ऐकत नाही, द्या निवडून. गटार इंग्रजीत गिटारसारखं कसं ऐकू येईल, ही शंका मला पुढे कितीतरी वर्षांनी आली. तोवर विचारण्यात अर्थ नव्हता.

घर चालवायचं तेही त्यांनी कौन्सिलसारखंच चालवलं. सकाळी चहाला बसलं की "आजचे विषय" सुरू. विषय पहिला, भाजी. विषय दुसरा, नीलाने चालायला जाणे. मतदान हात वर करून. नीलाच्या पोटातलं बाळ धरून त्या नेहमी बहुमतात. शेवटी विचारायच्या, "कुणाची हरकत?" आणि माझ्याकडे बघत थांबायच्या. मी चहात बिस्किट बुडवत बसायचो. मग त्या म्हणायच्या, "आत्ता बोला हं. हरकत वेळेवर घ्यायची असते. ठराव झाल्यावर घेतली तर त्याला हरकत नाही, रडगाणं म्हणतात." रोज कारल्याची भाजी मंजूर व्हायची आणि मी ती रोज रडगाणं न गाता खायचो.

त्या बिल्डिंगमध्ये आम्ही तीन वर्षं राहत होतो आणि मला एकही शेजारी नावाने माहीत नव्हता. मावशींनी आठवड्यात अख्खी बिल्डिंग पालथी घातली. मत मागायची सवय, दुसरं काय! त्यांचं एक तंत्र होतं. बेल वाजवली की दोन पावलं मागं सरायचं. "दार उघडणाऱ्याला आपण उंबऱ्यावर चढलोय असं वाटता कामा नये." आणि आपलं काम आधी सांगायचं नाही, त्याच्या गुडघ्याची चौकशी करायची. "गुडघा नसेल दुखत तर?" मी विचारलं. "पन्नाशीच्या पुढं प्रत्येकाचा दुखतो. पन्नाशीच्या आत असेल तर आईचा विचारायचा." समोरच्या रोझाबाईंचा गुडघा, खालच्या शहाभाईंच्या आईचा गुडघा, सगळ्यांची माहिती संध्याकाळी मला मिळायची. रोझाबाई पोर्टो रिकोच्या, ठेंगण्या आणि खणखणीत आवाजाच्या. मावशींचं त्यांच्याशी असं जमलं की दोघी एकमेकींना आपापल्या भाषेत बोलायच्या आणि दोघींना कळायचं.

डिसेंबरात नीलाला कळा सुरू झाल्या. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या बाईने पहिला प्रश्न विचारला, "इन्शुरन्स कार्ड?" कार्ड माझ्या दुसऱ्या कोटात, कोट घरी. मी सवयीप्रमाणे म्हणणारच होतो की काही हरकत नाही, जाऊन घेऊन येतो. तोवर मावशींनी शेजारची व्हीलचेअर ओढली, नीलाला तिच्यात बसवलं आणि त्या बाईला शांतपणे म्हणाल्या, "कळांनी कधी कार्ड विचारलंय का? मग तुम्ही कशाला विचारता? ही आत जाईल, हे गृहस्थ कार्ड आणतील. मी नर्स आहे, मला रस्ता दाखवा." बाई उठून पुढे चालायला लागली. मी कार्ड घेऊन परत आलो तोवर आमची सई जन्माला आली होती. तिला पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ती जिवाच्या आकांताने रडत होती. मावशी म्हणाल्या, "छान! हिला हरकत घेता येते."

जानेवारीत महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंकडे हळदीकुंकू होतं. त्यांनी नीलाला बोलावलं आणि अडखळत म्हणाल्या, "मावशींना... म्हणजे त्या तशा... सवाष्ण नाहीत ना." मावशी बोलावणं नसताना गेल्या. दारात म्हणाल्या, "सवाष्ण चालते, कुमारिका चालते. मी कुमारिका आहे, फक्त जरा जुनी. कुणाची हरकत?" स्वयंपाकघरातून कोणीतरी फस्सकन हसलं. सगळ्यांत मोठं वाण मावशींना मिळालं. तेव्हापासून मंडळात त्यांचं नाव हरकतमावशी पडलं. ते नाव मीच पाडलं असा मी तिथे गवगवा केला, कारण तेवढंच माझं कर्तृत्व.

आता मुख्य गोष्ट. आमच्या बिल्डिंगच्या तळघरात सगळ्या घरांना ऊब पुरवणारा एक म्हातारा बॉयलर होता. त्या हिवाळ्यात तो आधी आठवड्यातून एकदा बंद पडायला लागला, मग रोज. खोल्या गरम ठेवणारे रेडिएटर बर्फासारखे गार. बिल्डिंगची देखभाल करणारा सुपर खांदे उडवायचा. घरमालकाला म्हणे आम्ही सगळ्यांनी निघून जायला हवं होतं. नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये नोकरी करणाऱ्या बँकवाल्यांना नवे गुळगुळीत फ्लॅट विकायचे होते त्याला. आणि आमच्या घरात महिन्या-दीड महिन्याची सई. तिला आम्ही टोपडं, त्यावर लोकरीची टोपी, त्यावर माझा मफलर असं गुंडाळायचो. फक्त नाक दिसायचं, आणि ते नाक लाल. एका सकाळी ते निळसर दिसलं. नीला रडायलाच लागली. मी म्हणालो, "एप्रिलपर्यंतच तर आहे. तोपर्यंत आपण..."

"बोला," मावशी म्हणाल्या. "पुढचं वाक्य म्हणाच."

मी ते वाक्य गिळलं.

त्या संध्याकाळी रोझाबाईंच्या स्वयंपाकघरात सगळ्या भाडेकरूंची सभा भरली. शहाभाई म्हणाले, "अरे भाई, लफडा मत करो." मलाही मनातून तेच म्हणायचं होतं. माझं ग्रीन कार्ड व्हायचं होतं, आणि बॉयलरबद्दल तक्रार केली की इमिग्रेशनचा माणूस दारात उभा राहतो अशी माझी ठाम समजूत होती. मावशींनी सांगितलं की भाडेकरूंच्या तक्रारी ऐकणारं एक बोर्ड सिटी हॉलमध्ये बसतं. ही चौकशी त्या आधीच करून आल्या होत्या. "मी पाहुणी आहे, मला तिथं बोलता येणार नाही. नियम आहे. बोलायला भाडेकरूच पाहिजे. मी जावईबापूंचं नाव सुचवते. इंजिनियर आहेत, टाय आहे. जावईबापू, चालेल ना?"

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "काही हरकत नाही."

"एकमताने मंजूर," मावशी म्हणाल्या.

सुनावणीच्या दिवशी मी लग्नातला सूट घातला. तो लग्नापासून मला घट्ट होता. मागच्या बाकावर मावशी, त्यांच्या मांडीवर दुपट्यात सई, शेजारी नीला, रोझाबाई, आणि 'लफडा मत करो' म्हणणारे शहाभाईसुद्धा. बोर्डाच्या अध्यक्षबाईंचा चष्मा गळ्यात साखळीने लोंबत होता. मावशींनी माझ्याकडून आठवडाभर घोकून घेतलेली चार वाक्यं मी म्हटली. बरी म्हटली. मग घरमालकाचा वकील उठला. काय गोड माणूस होता हो! चांदीसारखे केस, मऊ आवाज. म्हणाला, बॉयलरचा सुटा भाग दुरून यायचा आहे, एप्रिलपर्यंत मुदत मिळावी. मग वळला, थेट माझ्या डोळ्यांत बघितलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "सर, तुम्हाला त्रास होतोय, आय ॲम सो सॉरी."

एवढा सभ्य माणूस सॉरी म्हणतोय म्हटल्यावर माझ्या आईने लावलेलं वळण उसळून वर आलं. मी हात हलवला आणि म्हणालो, "नो ऑब्जेक्शन, नो ऑब्जेक्शन!"

वकिलाचा चेहरा उजळला. अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "भाडेकरूंची एप्रिलच्या मुदतीला हरकत नाही, असं नोंदवून घ्या," त्या क्लार्कला म्हणाल्या. मागे नीलाने "अरे देवा!" म्हटलेलं मला ऐकू आलं. एप्रिलला अजून अख्खे दोन महिने होते आणि माझ्या पोरीचं ते निळसर नाक मला समोर दिसायला लागलं. मी टायची गाठ चाचपत उभा राहिलो.

मागून खणखणीत मराठी आली. "जावईबापू! हरकत आहे म्हणा! आत्ता! अजून ठराव झालेला नाही!"

अध्यक्षबाईंनी टेबलावर टकटक केलं. "त्या कोण आहेत? त्या काय म्हणाल्या?"

मावशी मान खाली घालून सईचं दुपटं नीट करायला लागल्या. बोर्डाशी त्या बोलल्याच नव्हत्या, घरच्या माणसाशी बोलल्या होत्या, त्यामुळे नियम मोडलेला नव्हता. भाषांतर करायचं काम माझ्यावर आलं.

"त्या म्हणतात," मी म्हणालो, "की हरकत आहे."

"कोणाची?"

सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. सूट काखेत उसवला तो आवाजही मला आठवतो. "माझी," मी म्हणालो. आणि एकदा म्हटल्यावर मला थांबता येईना. आमच्या भाषेत कोणी माफी मागितली की 'हरकत नाही' म्हणायची रीत आहे, ते शब्द माफीला होते, एप्रिलला नव्हते. एप्रिलला माझी हरकत आहे, घरमालकाला आहे, त्या बॉयलरला तर फारच आहे. माझी मुलगी तिथे मागे बसली आहे, तिचं नाक बघा, असं काय काय मी बोललो. व्याकरण सगळं वाहून गेलं. रोझाबाईंनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षबाई खरंच उठून सईपाशी गेल्या, तिचं नाक बघितलं, परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आधीची नोंद खोडा." आठवड्याच्या आत बॉयलर दुरुस्त करायचा हुकूम झाला. सुटा भाग दुरून यायचा होता तो कसा कोण जाणे, गावातच सापडला.

पहिल्यांदा रेडिएटर ठणठणला तेव्हा आम्ही सगळे त्याच्याभोवती शेकोटीला बसल्यासारखे बसलो. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आवाज आहे की तुम्हाला!" आयुष्यात मला इतकं कौतुक ना शाळेत मिळालं ना ऑफिसात. त्या दिवशी कारल्याच्या भाजीला मी हरकत घेतली. ती फेटाळली गेली.

मार्चात त्या परत निघाल्या. विमानतळावर सईला नीलाकडे देताना त्यांचा हात सुटेना. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "खरं सांगू? मी आले तेव्हा मला वाटत होतं, संपलं आपलं. पण तुमच्यासारखा माणूस उभा राहिला. म्हटलं, हा उभा राहतो, तर मी का नाही उभं राहायचं?"

मला वाटलं त्या धीराबद्दल बोलताहेत. त्या निवडणुकीबद्दल बोलत होत्या. आणि कौन्सिलच्या नव्हे, पार्लमेंटच्या.

त्यांच्या पक्षात पुन्हा जागा मिळवायला त्यांना काही वर्षं लागली. दर रविवारी फोन यायचा. उमेदवार निवडायच्या सभेत कोणीतरी म्हणालं, ह्या बाईंच्या उच्चारांनी मतं जातील. मावशी म्हणाल्या, "माझे हे उच्चार ऐकत तुमच्या तीन पिढ्यांनी इंजेक्शनं घेतली आहेत." उमेदवारी मिळाली. ज्या गल्लीतलं गटार तुंबलं होतं त्याच गल्लीपासून त्यांनी दारं वाजवायला सुरुवात केली, दोन पावलं मागं सरून. आणि निवडून आल्या. आम्ही इकडे रोझाबाईंना बोलावून श्रीखंड खाल्लं. मी त्या दिवशी ऑफिसात प्रत्येकाला सांगत सुटलो की माझ्या मावससासूबाई पार्लमेंटात गेल्या, आणि त्यात माझ्या उसवलेल्या सुटाचा वाटा आहे. साहेब म्हणाला, "व्हेरी गुड, पण तो रिपोर्ट?"

पार्लमेंटातलं पहिलं भाषण म्हणे गोडगोड करायचं असतं, कोणावर टीका करायची नाही अशी तिथली रीत. "मग काय केलंत?" मी विचारलं. "रीतीलाच हरकत घेतली." पक्षाने सांगितलेल्या बाजूने मत न दिल्याबद्दल त्या अनेकदा बोलणी खायच्या. एकदा मला म्हणाल्या, "इथं 'नाही' म्हणायचं असेल ना, तर बसल्या जागी पुटपुटून भागत नाही. त्याची लॉबी, म्हणजे मत द्यायची खोलीच वेगळी. उठायचं, सगळ्यांदेखत चालत जायचं आणि मोजून घ्यायचं. कधी कधी आम्ही मूठभरच असतो. तेव्हा मी तुमची आठवण काढते. काख उसवली तरी चालेल, उठायचं."

दशक संपता संपता त्या आजारी पडल्या. आम्ही तोवर एडिसनला राहायला आलो होतो, स्वतःच्या घरात, स्वतःच्या बॉयलरसकट. नीला तिकडे त्यांच्याजवळ गेली होती, इथे मी आणि सई. एका संध्याकाळी फोन वाजला. नीलाने रिसिव्हर मावशींच्या कानाशी धरला होता. आवाज अगदी बारीक झालेला.

"जावईबापू, जेवलात का? ऐका. मी नाइट ड्यूट्या केल्या त्याच वॉर्डात मला ठेवलंय. सगळे चांगलं बघतात. कार्ड कुणी विचारलं नाही. डॉक्टर म्हणतात आणखी एक ऑपरेशन करू. मी म्हटलं, नको आता. पुष्कळ झालं. सई मोठी झालेली पाहिली, सगळं झालं. आता गेले तरी..." त्या दम घ्यायला थांबल्या. "आता गेले तरी काही हरकत नाही."

इतक्या वर्षांत ते वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. समोर टेबलावर सई गृहपाठ करत होती. तिने माझा चेहरा बघून पेन्सिल खाली ठेवली. "व्हॉट हॅपन्ड, बाबा?"

"मला आहे," मी फोनमध्ये म्हणालो.

"काय आहे?"

"हरकत. मला हरकत आहे, मावशी." मी तिथेच स्वयंपाकघरात पोरीसमोर ढसाढसा रडायला लागलो.

पलीकडे नीलाने रिसिव्हर पुन्हा नीट धरल्याची खरखर झाली. मग त्या हसल्या, अगदी पूर्वीसारख्या.

"उशिरा घेतलीत हो, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पण नोंदवून घेते."